‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न सोडून

ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याला येतो तेव्हा इंग्लंडमधल्या शाळांना सुट्टी असते आणि इथल्या शाळा ऐन भरात. माझी लेक दुपारभर आजीच्या दिवाणावर पुस्तक घेऊन लोळते, ताईचा मुलगा घटक चाचणीचे धडे पाठ करतो. मग ताईचं सुरू होतं, "हिला तिकडे वाचनाची गोडी कशी लागली गं? ह्याला सांग ना काहीतरी." कोथरूडमधल्या तिच्या सोसायटीत चार आया भेटल्या की पुन्हा तेच. एकदाचं लिहूनच टाकते.

तिकडची पोरं जन्मतःच पुस्तकवेडी असतात, हे आधी डोक्यातून काढून टाका. नॅशनल लिटरसी ट्रस्ट ही संस्था २००५ पासून याची पाहणी करते. ८ ते १८ वयाच्या मुलांपैकी मोकळ्या वेळात वाचायला आवडतं असं म्हणणारी २०२४ मध्ये ३४.६ टक्केच निघाली, तोवरचा नीचांक. सरकारने २०२६ हे राष्ट्रीय वाचन वर्ष म्हणून जाहीर केलं ते उगाच नाही. रड तिथेही तीच आहे.

शाळेतून घरी येणारं वाचनही तसं रटाळच. रंगांप्रमाणे पायऱ्या ठरलेल्या, त्या पायरीचं पुस्तक दप्तरात, सोबत वही आणि रोज वाचून घेतल्याची पालकांची सही. रविवारी रात्री आठवड्याभराच्या सह्या एकदम ठोकणारे आईबाप मी पाहिलेत. (नावं सांगणार नाही.) मार्चच्या पहिल्या गुरुवारी वर्ल्ड बुक डे असतो. पुस्तकातलं पात्र बनून शाळेत जायचं, म्हणजे आदल्या रात्री आईने सुईदोरा घेऊन बसायचं किंवा सुपरमार्केटातून तयार पोशाख आणायचा. त्या दिवसाची एकच गोष्ट मला पटते: मुलांना एक पौंडाचं कुपन मिळतं आणि त्यावर ठरावीक पुस्तकांतलं एक फुकट घेता येतं. कुठलं, ते मूल ठरवतं.

खरी गंमत उन्हाळ्यात. सुट्टी सहा आठवड्यांची, आणि सार्वजनिक वाचनालयांत १९९९ पासून समर रीडिंग चॅलेंज चालतो. ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी, पूर्ण मोफत. पूर्वापार लक्ष्य सहा पुस्तकांचं. कॉमिक चालतं, विनोदांचं पुस्तक चालतं, कानाने ऐकलेलं पुस्तकही चालतं. पुस्तक परत करताना टेबलाशी बसलेल्या बाई किंवा कॉलेजातला एखादा स्वयंसेवक मुलाशी मिनिटभर गप्पा मारतो आणि स्टिकर देतो. शेवटी प्रमाणपत्र आणि पदक. आमच्या लेकीने एक पुस्तक अर्ध्यातच परत केलं. "फार रडकं आहे," म्हणाली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग त्या खोक्यात शोध, तिथे हसरी आहेत. विषय संपला. बोध नाही, सारांश नाही, कठीण शब्दांचे अर्थ नाहीत.

माझ्या पुण्यातल्या शाळेत लायब्ररीचा तास होता. काचेचं कपाट, त्याला कुलूप, किल्ली सरांकडे. हजेरी क्रमांकाने पुस्तकं वाटली जायची आणि तास संपला की गोळा व्हायची. गोष्ट अर्ध्यावर राहिली तर राहिली. पुढच्या आठवड्यात ते पुस्तक भलत्याच कुणाच्या हातात. विरोधाभास बघा: आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलंय. इंग्लंडमध्ये तुरुंगात वाचनालय असणं नियमाने बंधनकारक आहे, शाळेत नाही! कायद्यात आपण पुढे आहोत, अडतंय ते किल्लीशी.

आणि पुण्यात पुस्तकांची काय वानवा? १८४८ पासूनचं नगर वाचन मंदिर याच गावात आहे. अप्पा बळवंत चौकात तर पाय ठेवायला जागा नसते. पण तिथल्या बऱ्याच दुकानांत आपण काउंटरच्या अलीकडे, पुस्तकं पलीकडे. "काय हवंय?" असं दुकानदार विचारतो. नववीचं गाईड हवं असेल तर ठीक. दहा वर्षांच्या पोराला काय हवंय ते त्यालाच ठाऊक नसतं. चार पुस्तकं उघडून, चित्रं बघून, दोन परत ठेवून मग कळतं.

१५ ऑक्टोबरला, कलामांच्या जन्मदिनी, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. कल्पना उत्तम. पण भाच्याला त्यासाठी ‘वाचलेल्या पुस्तकाचा परिचय, पंधरा ओळी’ असा गृहपाठ मिळाला आणि त्याने घरातलं सगळ्यात बारीक पुस्तक शोधलं. मीही तेच केलं असतं.

म्हणून यंदा ताईला म्हटलं, तू महिनाभर काही विचारूच नकोस. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत, ते त्याच्यापुढे टाकले. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, त्याही मोफत. पठ्ठ्या ‘किशोर’मधली कोडी आणि विनोद तेवढे वाचतो, लेख ओलांडून जातो. "हे वाचन म्हणायचं का?" ताईचा फोन. म्हणायचं, बाई.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरेल. त्याला पाचशे रुपये द्यायचे आणि तो निवडेल त्यावर कुणी नाक मुरडायचं नाही, असं ठरलंय. ताई कशीबशी तयार झाली. भावजी मात्र अजून म्हणतायत, निदान एक तरी सामान्यज्ञानाचं घेऊ दे.