हललं कोण?

आमच्या घरातला पहिला कॅमेरा याशिका एमएफ-२. फोकस नावाची भानगडच त्याला नव्हती. लेन्स कारखान्यातच एका जागी बसवून टाकलेली. समोरचा माणूस अगदी अंगावर आला नाही की सगळं पुरेसं स्पष्ट येई. दोन पेन्सिल सेल घालायचे, फ्लॅशची पट्टी सरकवायची, कानाशी डास यावा तसा सूं आवाज सुरू व्हायचा, दिवा लागला की बटण दाबायचं. त्यामुळे आमच्याकडे फोटो बिघडला तर त्याचं कारण एकच असे: कॅमेऱ्यासमोर उभा असलेला माणूस. रोल धुऊन आला की बाबा चहाच्या वेळी पाकीट उघडत आणि एकेक फोटो बाजूला टाकत निकाल देत. "हा बघ, हललास." "ही हलली." "सांगितलं होतं ना, हलू नका म्हणून?" छत्तीसच्या रोलमध्ये आपण अडतीस फोटो काढले, हे मात्र ते पाहुण्यांनाही सांगत.

पुढे कधीतरी मला कळलं की माणूस हलला तर फोटोत तेवढा माणूसच पुसट होतो, मागची भिंत जागच्या जागी राहते. कॅमेरा धरणारा हात हलला तर भिंतीसकट सगळंच फराटतं. हे कळल्यावर मी जुने अल्बम काढून बसले. बाबांना सेल वाचवायची फार हौस, म्हणून घरात फ्लॅशशिवाय काढलेले बरेच फोटो होते. दादा हललेला, मी हललेली, आजी हललेली. आणि आमच्यामागचं लोखंडी कपाट, तेही हललेलं.

हे सगळं आठवायचं कारण, गेल्या वर्षी भाचा सुट्टीत आला तो गळ्यात फिल्मचा कॅमेरा अडकवून. ज्या मुलाने जन्मात निगेटिव्ह पाहिलेली नव्हती, तो मला सांगत होता, "आत्या, छत्तीसच असतात ना, म्हणून विचार करून काढावे लागतात." मी त्याला अडतीसचं रहस्य सांगितलं. तो गेला, पण रोल पुढे सरकवतानाचा तो करकर आवाज कानात राहिला. मलाही एक घ्यावासा वाटू लागला. लहान हवा, पर्समध्ये मावेल असा. बस, एवढंच ठरलं होतं.

मुंबईच्या फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत, वाकलेल्या लाकडी जिन्याने वर गेलं की कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांची खोली आहे. खोली म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि त्यांच्या पाठीमागे छतापर्यंत खोकी. मी गेले तेव्हा ते एका कॅमेऱ्याच्या मागच्या दाराची खाच स्पिरिटने पुसत होते. प्रकाश आत शिरू नये म्हणून तिथे स्पंजची पट्टी असते. वर्षं गेली की ती विरघळून डांबरासारखी चिकट होते. "लहान हवा म्हणताय ना ताई?" असं म्हणून त्यांनी पिवळं फडकं पसरलं आणि त्यावर तीन काळ्या डब्या मांडल्या. तिन्ही एकाच मापाच्या, गुळगुळीत, सरकत्या झाकणाच्या. पानसुपारीच्या डब्या म्हणून खपल्या असत्या.

ऑलिंपस एक्सए, एक्सए२ आणि एक्सए१.

यातली गंमत आकड्यांपासूनच सुरू होते. आधी आला नुसता एक्सए, १९७९ साली. पुढच्या वर्षी आला एक्सए२. आणि एक्सए१? तो १९८२ साली, दोनाच्या नंतर. मग १९८५ साली तीन आणि चार आले. यातल्या चौथ्याची लेन्स २८ मिलिमीटरची, जवळून फोटो काढण्यासाठी. आणि अंतर मोजायला त्याच्या मनगटाच्या पट्ट्याचाच उपयोग करायचा, आपण वीत लावून मोजतो तसा. मला ही कल्पना इतकी आवडली की क्षणभर तोच हवासा वाटला. पण तो काकांकडे नव्हता, त्यामुळे तो मोह आपोआप सुटला.

ही सगळी भावंडं ज्या घराण्यातली, त्याचा मूळ पुरुष योशिहिसा माइतानी. १९५०च्या दशकात ऑलिंपसमध्ये लागलेला हा अभियंता. एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो बसवणारा पेन हा कॅमेरा त्याचा, छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर. (बाबांना हे कळलं असतं तर ते टोकियोला पत्र लिहून बसले असते.) एक्सए करताना त्याने धरलेला हट्ट साधा होता: लेन्सवर झाकण नको, वर कातड्याची पिशवी नको, उचलला की खिशात. कारण झाकण हरवतं, पिशवी घरी राहते आणि पिशवीबरोबर कॅमेराही घरी राहतो. पण फिल्मची डबी काही लहान करता येत नाही, ती जगभर एकाच मापाची. म्हणून त्याने डबी आणि लेन्स यांच्याभोवती जेवढं अंग लागेल तेवढंच ठेवलं. सव्वादोनशे ग्रॅम. झाकण सरकवलं की लेन्स उघडी पडते, परत सरकवलं की सगळं बंद. वेगळं चालू-बंदचं बटण नाही.

इथपर्यंत तिघेही सारखे. फरक झाकणाच्या आत.

एक्सए उघडला की तो तुम्हाला विचारतो. उजेड आत घ्यायचं छिद्र किती ठेवू? समोरची पट्टी सरकवून २.८ पासून २२ पर्यंत काय ते सांगा (आकडा जेवढा लहान, तेवढं छिद्र मोठं), मग शटरचा वेग मी बघतो. माणूस किती लांब आहे? लेन्सखालची काडी हलवून सांगा. डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या, म्हणजे फाइंडरच्या, मधोमध एक फिकट पिवळसर ठिपका असतो, त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. काडी सरकवता सरकवता त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. एवढ्याशा डबीत ही रेंजफाइंडरची सोय बसवणं सोपं काम नव्हतं, आणि ती वापरताना हातालाही ते जाणवतं.

एक्सए२ काही विचारत नाही. छिद्र आणि वेग दोन्ही तोच ठरवतो. फोकससाठी बाजूला एक छोटी काडी, तिच्याशी तीन चित्रं: जवळच्या माणसाचा मुखडा, उभी माणसं आणि डोंगर. त्यातलं एक निवडायचं. न निवडलंत तरी हरकत नाही, कारण झाकण मिटलं की काडी आपोआप उभ्या माणसांवर येऊन बसते. काल तुम्ही डोंगर काढलेत हे ती आज लक्षात ठेवत नाही. नातेवाइकांमध्येही हा गुण असता तर किती बरं झालं असतं.

आणि एक्सए१ तर आमच्या याशिकाचाच मावसभाऊ. फोकस कायमचा ठरलेला, लेन्सभोवती उजेडावरच वीज तयार करणाऱ्या सेलेनियमच्या चकतीची झालर, म्हणून सेलसुद्धा नको. काकांनी तो हळूच बाजूला सारला. सेलेनियमला वय होतं, आणि मी बोलते त्यावरून मला अजून थोडा त्रास हवा आहे, असं त्यांना वाटलं असावं.

राहिले दोन. घरी येऊन मी त्या दोघांचा हिशेब मांडला, आणि तीन आठवडे मांडतच राहिले. एक्सएची लेन्स सहा भिंगांची, २.८. एक्सए२ची चार भिंगांची, ३.५. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पण २.८ मधून दीडपट उजेड आत येतो. संध्याकाळच्या घरात दीडपट म्हणजे पुष्कळ. उलट एक्सए२चं शटर सेकंदाच्या साडेसातशेव्या भागापर्यंत पळतं, एक्सएचं पाचशेव्यापर्यंतच. एक्सए फक्त काळा. एक्सए२ लालही मिळतो. लाल एक्सए२चा फोटो पाहून एक रात्र फुकट गेली.

मध्येच दुसरीकडेही डोळे गेले, नाही असं नाही. रोलाय ३५ हातात घेऊन पाहिला. १९६६ सालचं हे जर्मन प्रकरण. त्यातही टेसार लेन्सचा घ्यावा की सोनार नावाच्या लेन्सचा यावर लोक आयुष्यं घालवतात. दिसायला देखणा, पण अंतर अंदाजाने सांगायचं, लेन्स ओढून बाहेर काढायची, आत ढकलायच्या आधी रोल पुढे घ्यायला विसरायचं नाही, आणि फ्लॅश लावायचा तो पोटाखाली, म्हणजे माणसाच्या नाकाची सावली कपाळाकडे. फ्लॅश लावायचा तर कॅमेराच उलटा धरतात म्हणे. माझ्याच्याने झालं नसतं. ऑलिंपसचाच म्यू-२ हा साबणाच्या वडीसारखा, आपोआप फोकस करणारा, भाच्याच्या पिढीचा लाडका, आणि लाडाची किंमतही तशीच. दर वेळी उघडला की फ्लॅश स्वतःच्या मर्जीने लावायला तयार. हॉटेलात, देवळात, कुठेही. काकांनी त्याचं नाव ऐकून फक्त मान हलवली. "इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं की मी काय करणार?"

हिशेब सुटेना म्हणून पुन्हा फोर्टला गेले. "काका, दुरुस्तीला जास्त कोण येतो? एक्सए की एक्सए२?"

"दोन्ही येतात." ते एका लेन्समधून बॅटरीचा झोत टाकून पाहत होते. आत कोळिष्टकासारखी बुरशी होती. मुंबईत पावसाळा कपाटाच्या आतही असतो. "पण एक्सए२वाले नुसता कॅमेरा आणतात. एक्सएवाले फोटोही आणतात. हा असा का आला, तो तसा का आला, विचारत बसतात."

मला हे वाक्य परतीच्या लोकलमध्ये उलगडलं. एक्सएमध्ये फोटो बिघडला तर तो तुम्ही बिघडवलेला असतो. छिद्र तुम्ही ठरवलंत, काडी तुम्ही फिरवलीत. एक्सए२मध्ये बिघडला तर दोष वाटून घेता येतो. थोडा माझा, थोडा त्याचा, थोडा उजेडाचा. याशिकात दोष समोरच्याचा. मी तीन आठवडे लेन्सची भिंगं मोजत होते, पण खरं तर रोल धुऊन आल्यावर बोट कुणाकडे दाखवायचं, एवढंच मला ठरवायचं होतं.

माझं मन एक्सएकडे झुकलं. दुसऱ्यांवर ढकलायचं घराणं आपल्यापाशी संपवावं, असं काहीसं उदात्त वाटत होतं. तिसऱ्यांदा जिना चढले, एक्सए उचलला, डोळ्याला लावला. चष्म्यासकट तो ठिपका नीट दिसेना. चष्मा काढला तर समोरचे काका दिसेनात. चाळिशी ही अशी वेळ साधून आडवी येते. एकदा त्यांच्या दोन प्रतिमा जुळल्यासारख्या वाटल्या, पण जुळल्या त्या काकांच्या की मागच्या खोक्यांच्या, हे सांगता येईना.

"त्याचीही सोय आहे," काका म्हणाले. एक्सएवर छिद्राचा ५.६ हा आकडा आणि तीन मीटरची खूण केशरी रंगात आहे. दोन्ही केशरीवर ठेवा आणि विसरून जा. मी मनात गणित केलं: म्हणजे साधारण दोन मीटरपासून पाच मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट.

"पण मग हा एक्सए२च झाला की."

"झालाच."

"मग लोक जास्त पैसे देऊन एक्सए का घेतात?"

"केशरीवरून हलवता येतो ना," काका म्हणाले. "हलवत कुणी नाही."

मी एक्सए२ घेतला. काळाच. काकांनी नवा स्पंज बसवला, दोन बटण सेल घातले आणि झाकण चार वेळा उघडमीट करून दाखवलं, दर वेळी काडी उभ्या माणसांवर परत.

घरी आल्यावर पहिला फोटो आईने काढावा असं मला वाटलं. बाबांच्या कॅमेऱ्याला तिने क्वचितच हात लावला होता. किंवा तो तिच्या हातात क्वचितच गेला होता, असं म्हणू. मी कपाटाला टेकून उभी राहिले. कपाट तेच. संध्याकाळचे साडेसहा, खिडकीतून उरलासुरला उजेड.

"काय काय करायचं?" आईने विचारलं.

"काही नाही. ते लाल बटण दाब."

तिने डोळ्याला लावला. बराच वेळ गेला. "अगं, आत हिरवा दिवा लागला."

आता एक्सए२मध्ये हिरवा दिवा म्हणजे उजेड कमी पडतोय, शटर सावकाश चालणार, फ्लॅश लावा, नाहीतर सांभाळा. तिकडच्या अभियंत्याला हिरवा रंग धोक्यासाठी का सुचला असेल, देव जाणे. मी "अगं, थांब" म्हणेपर्यंत आईने सिग्नल सुटल्यासारखं बटण दाबलं होतं. ते बटण इतकं हलकं की टेकवलं तरी दबतं. आमच्या याशिकासारखं खट्ट नाही की काही नाही.

"काढलास?"

"कुणास ठाऊक. दाबल्यासारखं वाटलंच नाही."

पुढचे सदतीस फोटो मी काढले. रोल धुऊन प्रिंट आल्या तेव्हा आई चष्मा लावून बसली, पाकीट आपल्याकडे ओढलं आणि सगळ्यात वरचा फोटो उजेडाकडे धरला.

"तू हललीस," ती म्हणाली.

मी फोटो हातात घेतला. हलले होते खरी. माझ्यामागे कपाटही हललं होतं.