तुम्ही विचारलेत म्हणून: डांबरालाही चालेल आणि चिखलालाही, असा क्लच कोणता?

आठवडाभर गोव्यात फोंड्याहून पणजीला नोकरीसाठी जायचे आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी सत्तरीतल्या कच्च्या वाटांवर घालायची, असे करणारे बरेच जण मला विचारतात की क्लच बदलायचाच आहे, तर कंपनीचाच बसवावा की 'हेवी ड्यूटी' सिरॅमिक घ्यावा. इंजिनात किंवा टायरच्या मापात बदल केलेला नसेल, तर मूळ मापाची, ऑरगॅनिक लायनिंगची (म्हणजे घासणारा थर तंतू आणि रेझिनचा असलेली) चांगली प्लेट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लच किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलणार हे लायनिंगचे घर्षण, क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची त्रिज्या आणि घासणारे पृष्ठभाग यांवर ठरते. सिरॅमिक प्लेटमध्ये घर्षण वाढवलेले असते, आणि हेवी ड्यूटी सेटमध्ये बहुधा दाबही. दाब वाढला की पेडल जड होते, आणि पर्वरीच्या वाहनांच्या रांगेत ते डाव्या गुडघ्याला लगेच जाणवते. मात्र माझा खरा आक्षेप जंगलातल्या वापराबद्दल आहे. पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या चढावर चाक जागच्या जागी फिरू लागले की गाडी अडकलीच म्हणून समजावे. तिथे क्लच हळूहळू, पायाला कळेल असा लागायला हवा. सिरॅमिकची बटणे (प्लेटवरचे घासणारे तुकडे) एकदम पकडतात, गाडी हिसका देते, चाके सुटतात आणि तो हिसका गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जातो. शिवाय ती फ्लायव्हीलही, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचे जड चाकही, लवकर खातात. शर्यतीच्या गाडीला हे सारे परवडते, रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला नाही.

ऑरगॅनिक प्लेट उष्णतेला कमी टिकते, हे खरे आहे. जळलेली प्लेट उतरवून हातात घेतली, तर लायनिंग काळपट आणि काचेसारखे गुळगुळीत झालेले असते, फ्लायव्हीलवर निळसर डाग पडलेले असतात आणि करपल्याचा वास कितीतरी वेळ जात नाही. ही उष्णता बहुतेक वेळा चढावर हाय-रेंजमध्ये (नेहमीच्या रस्त्याच्या गिअरात), हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी रेटल्यामुळे निर्माण होते. थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी यांच्या ट्रान्सफर केसमधला (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यातला) लो-रेंज गिअर चाकांवरचा टॉर्क हाय-रेंजच्या साधारण दीड ते अडीच पट करतो, त्यामुळे क्लचला फारच थोडे घसरावे लागते. डांबर संपून दगडधोंडे सुरू झाले की अडकण्याची वाट न पाहता 'फोर-लो', म्हणजे चारही चाकांचा लो-रेंज, लावावा. महागड्या प्लेटपेक्षा या सवयीने क्लच जास्त टिकतो.

मोठे टायर बसवले असतील, तर गणित बदलते. 28 इंचांऐवजी 31 इंचांचे टायर आले की त्याच चढावर क्लचला सुमारे 11 टक्के जास्त टॉर्क पेलावा लागतो. अशा वेळी लायनिंग ऑरगॅनिकच ठेवून थोड्या जास्त दाबाची प्रेशर प्लेट घ्यावी किंवा केव्हलार या मजबूत कृत्रिम तंतूची प्लेट निवडावी. ती सिरॅमिकपेक्षा पुष्कळ मऊ लागते, पण सुरुवातीचे काही शेकडो किलोमीटर तिला सांभाळूनच चालवावे लागते. प्लेटच्या मधल्या भागात धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा आहेत ना, एवढे मात्र नक्की पाहून घ्या.

आपल्याकडचा पाऊस हा वेगळाच विषय आहे. ओढ्याच्या खोल पाण्यात क्लच दाबू नये, कारण प्लेट सुटली की पाणी आणि गाळ मधल्या फटीत शिरतो. पाण्यात उतरण्याआधीच लो-रेंजचा गिअर निवडून त्यातच पलीकडे जावे. भिजलेली गाडी तशीच बरेच दिवस उभी राहिली, तर गंजामुळे प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि पेडल दाबूनही गिअर पडत नाही. म्हणून घरी आल्यावर, क्लच कोरडा होईपर्यंत, दुसऱ्या दिवशी गाडी थोडी फिरवून आणावी.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते, तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्लेट सोडवणारे बेअरिंग) एकदमच बदलावे. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल, तर ते सीलही त्याच वेळी बदलून घ्या, कारण तेल लागलेली नवी प्लेट लगेच घसरू लागते. फ्लायव्हीलवर चरे असतील, तर ते लेथवर फेस (सपाट) करून घ्यावे. ड्युअल मास (मध्ये स्प्रिंगा असलेले, दोन भागांचे) फ्लायव्हील असेल, तर हा उपाय सहसा चालत नाही आणि ते बदलावेच लागते, म्हणून काम सुरू होण्याआधीच गॅरेजमध्ये ते कोणत्या प्रकारचे आहे हे विचारून घ्या.