कॉमर्सवाला असून गेममध्ये कॉम्प्युटर बांधला : माझा अनुभव

मी इंदूरला सियागंजात एका होलसेलच्या पेढीवर अकाउंट्स बघतो. बी.कॉम. आहे. अकरावीला सायन्स घ्यायची फार इच्छा होती पण दहावीच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की हे डोकं सायन्सचं नाही, घरच्यांनीही तेच धरलं आणि विषय संपला. पण एक प्रश्न डोक्यात तसाच राहिला. दिवसभर टॅलीसमोर बसतो, आकडे टाकतो, बेरीज लगेच समोर येते, ती आत नेमकं कोण करतंय? वाळूपासून बनलेल्या तुकड्याला बेरीज "येते" म्हणजे काय होतं? कुणाला विचारायची लाज वाटायची.

मागच्या दिवाळीत ताई पुण्याहून आली होती, ती एम्बेडेडमध्ये (म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर) काम करते, राजेंद्र नगरच्या घरी गच्चीवर बसलो होतो तेव्हा एकदाचं बोलून टाकलं. ती म्हणाली, "अरे मग पुस्तक नको घेऊस, गेम खेळ." आणि जाण्याआधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर ट्युरिंग कम्प्लीट नावाचा गेम टाकून गेली. २०२१ मध्ये स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या आधीच, आलेला गेम आहे, नाव अॅलन ट्युरिंगवरून, त्यांनी १९३६ साली निव्वळ कागदावर अशा मशीनची कल्पना मांडली होती जिला पुरेशी मेमरी आणि वेळ दिला तर कुठलाही हिशोब करता येईल.

गेम सुरुवातीला हातात एकच वस्तू देतो, नँड गेट. दोन तारा आत, एक बाहेर. आतल्या दोन्ही तारा चालू असतील तरच बाहेरची बंद, बाकी सगळ्या वेळी चालू. बस. ह्या एकाच गेटमधून नॉट, अँड, ऑर सगळं तुम्हीच बनवायचं आणि जे बनवलं ते पुढच्या लेव्हलला वापरायला मिळतं. मला वाटलं हे गेमवाल्यांनी सोयीसाठी केलंय, पण ताईने सांगितलं की नाही रे, एकाच क्रियेतून सगळं लॉजिक उभं करता येतं हे हेन्री शेफर यांनी १९१३ मध्येच छापून दाखवलंय. नॉट, म्हणजे चालूचं बंद आणि बंदचं चालू, पाच मिनिटांत झालं, एकच तार दोन्हीकडे लावायची. अँड म्हणजे नँडपुढे नॉट. इथपर्यंत मजा.

मग एक्सॉर आला आणि दोन रात्री गेल्या. दोनपैकी नेमकी एकच तार चालू असेल तर बाहेर चालू, दोन्ही चालू किंवा दोन्ही बंद असतील तर बाहेर बंद. मी नुसते गेट टाकत होतो, तारा ओढत होतो, टेस्ट लाल. शेवटी लॅपटॉप बंद केला आणि पाणी प्यायला खाली उतरलो, तर जिन्यातला दिवा! आमच्याकडे जिन्याला एक दिवा आणि दोन बटणं आहेत, एक खाली एक वर, कुठलंही एक दाबलं की दिवा बदलतो. रात्री साडेअकराला मी खालचं बटण, वरचं बटण, खालचं, वरचं असं करत बिलाच्या पाठीमागे चार ओळी लिहून काढल्या. आतून आई, "काय रे, दिव्याचं काय करून राहिलास?" त्या चार ओळी बघितल्या तेव्हा कळलं की ही दोन वाक्यं आहेत, "निदान एक तरी चालू" आणि "दोन्ही एकदम चालू नाहीत". पहिलं म्हणजे ऑर, दुसरं म्हणजे नँडच, दोन्ही खरी हवीत म्हणून शेवटी अँड. तीन गेट. नंतर कागदावर बसून नुसत्या नँडनेही केलं, चारात होतं. आणि क्लॉड शॅनन नावाच्या माणसाने १९३७ साली मास्टर्सच्या प्रबंधात हेच मांडलं होतं की रिले (विजेने चालणारी बटणं) आणि स्विचची जोडणी आणि खरं-खोट्याचं गणित ही एकच गोष्ट आहे, हे मला जिना चढून उतरून झाल्यावर कळलं म्हणून ते चांगलंच लक्षात राहिलं.

इथे एक सांगतो, उत्तर शोधू नका. नेटवर सगळ्या लेव्हलची उत्तरं पडलेली आहेत, मी फक्त एकदा बघितलं, ती लेव्हल पार झाली पण तीन लेव्हल पुढे जाऊन अडकलो कारण तो तुकडा माझा नव्हताच. मागे येऊन पुसला आणि परत केला.

मग बेरीज. आणि इथे माझं काम कामाला आलं. शून्य आणि एक एवढेच अंक असताना एक अधिक एक म्हणजे बायनरीत १०, म्हणजे शून्याला शून्य आणि हातचा एक. आता बघा, जागेवर जो अंक लिहायचा तो एक्सॉर आणि हातचा म्हणजे अँड! तिसरीत शिकलेला हातचा म्हणजे एक गेट आहे हे बघून मी खरंच खुर्चीवरून उठलो. पुढच्या घरात तीन गोष्टी येतात, वरचा अंक, खालचा अंक आणि उजवीकडून आलेला हातचा, त्याला फुल अॅडर म्हणतात, दोन अर्ध्या बेरजा (वरची एक्सॉर-अँडची जोडी म्हणजे एक अर्धी बेरीज) आणि एक ऑर. असे आठ शेजारी शेजारी लावले की शून्य ते २५५ पर्यंतच्या आकड्यांची बेरीज. मी ९३ अधिक ४८ टाकून पाहिलं, १४१ आलं, कॅल्क्युलेटर जवळ असूनही बोटांवर मोजून पडताळलं.

मग गेम सांगतो की तुझं सर्किट बरोबर आहे पण हळू आहे. कारण हातचा एकेक घर सरकत डावीकडे जातो, सगळ्यात डावीकडच्या घराला उजवीकडच्या सातही घरांची वाट बघावी लागते. लांबलचक बिलाची बेरीज करताना आपलंही तेच होतं. ह्यावर उपाय असा की प्रत्येक घराला आधीच विचारून ठेवायचं, तू स्वतः हातचा देणार का (दोन्ही अंक एक असतील तर देणारच), की नुसता आलेला पुढे ढकलणार (एकच अंक एक असेल तर). मग वाट न बघता वरच्या वर ठरवता येतं. हे मी कागदावर चार घरांसाठी केलं, आठसाठी करताना तारांचं जंगल झालं तरी करून सोडलं.

उणे आकडे पटकन सांगतो, सगळे बिट (म्हणजे एकेका घरातलं शून्य किंवा एक) उलटवायचे आणि एक मिळवायचा. २५५ म्हणजेच उणे एक. स्कूटरचं मीटर शून्यावर असताना एक किलोमीटर मागे फिरवलं तर सगळे नऊ दिसतील, तसंच.

पण ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती म्हणजे मेमरी. सेव्हिंग ग्रेसफुली नावाची लेव्हल आहे. दोन तारा येतात, एक सांगते "साठव", दुसरी सांगते काय साठवायचं. साठव चालू असेल तर नवीन घ्यायचं, बंद असेल तर जुनं जपायचं. मी विचार केला जुनं जपायचं तर बाहेरची तार फिरवून परत आत लावू, पण तसं केलं की गेम लाल होतो, म्हणतो गोल फिरून राहिलंय, कोण आधी कोण नंतर सांग. खऱ्या चिपमध्ये गेट एकमेकांना उलटसुलट जोडून बिट धरून ठेवतात, ताई म्हणाली, पण ह्या गेममध्ये त्यासाठी डिले लाइन नावाचा तुकडा दिलाय, ह्या टिकला (टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा एक ठोका) जे आत टाकाल ते पुढच्या टिकला बाहेर येतं. एवढंच. तो तुकडा माझ्यासमोर चार दिवस पडून होता आणि मला कळेना की जी वस्तू एका टिकनंतर सगळं विसरते तिच्यातून मेमरी कशी होणार.

चौथ्या दिवशी पेढीवर संध्याकाळी रोकड बंद करत होतो. आज नगद काय आलं काय गेलं, अखेरची शिल्लक काढली, ती उद्याच्या पानावर वर लिहिली, आरंभीची शिल्लक म्हणून. पेन तिथेच थांबलं. उद्या कुणी काहीच व्यवहार केला नाही तरी ती शिल्लक परवाच्या पानावर जाईल, मग तेरवाच्या, कारण मी रोज ती पुढे ओढतो. पान स्वतः काही लक्षात ठेवत नाही, पान एका दिवसाचं. लक्षात राहतं ते रोज पुढे लिहिल्यामुळे! आमचे आजोबा कीर्द लिहायचे, "मागील पानावरून पुढे", ते शब्द कानात वाजले. घरी येऊन जेवायच्या आधी बसलो. डिले लाइनमधून बाहेर आलेलं ही कालची शिल्लक. साठव बंद असेल तर तीच परत आत टाकायची, चालू असेल तर नवीन आकडा टाकायचा. मध्ये निवड करायला दोन अँड, एक नॉट, एक ऑर. टेस्ट चालवली, हिरवं, हिरवं, हिरवं, शेवटपर्यंत. त्या बिटला मी दहा टिक तसंच ठेवून बघत बसलो, एक म्हणजे एकच राहतो. आई ताट वाढून हाका मारत होती.

असे आठ बिट म्हणजे एक बाइट, त्याचा रजिस्टर, म्हणजे एक आकडा धरून ठेवायची जागा, असे सहा रजिस्टर, आणि मग गेम तुमच्याकडून ओव्हर्चर नावाचा अख्खा प्रोसेसर बांधून घेतो. सूचना एका बाइटची. पहिले दोन बिट सांगतात काम कुठलं, आकडा भर, हिशोब कर, एकीकडून दुसरीकडे ने, किंवा अट तपास. आकडा भरायचा तर उरतात सहा बिट, म्हणून ६३ पर्यंतच भरता येतो, असं का हा प्रश्नच पडत नाही कारण तारा तुम्हीच मोजलेल्या असतात. अट तपासायच्या भागात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. तीन बिटांत आठ अटी, पण त्यातल्या चार बाकीच्या चारांच्या उलट, शून्य आहे / शून्य नाही, उणे आहे / उणे नाही असं, आणि एक बिट नुसता उत्तर उलटवायचं काम करतो, म्हणजे शेवटी एक एक्सॉर लावला की झालं. जिन्यातलं वरचं बटण!

हे लिहायला सोपं, मला डिसेंबर ते फेब्रुवारी लागले, त्यात ११ आणि २० तारखेच्या आसपास रिटर्नमुळे गेमला हात नाही. आणि एक पूर्ण आठवडा एका तारेपायी गेला, दिसायला जोडलेली पण एक चौकोन अलीकडे थांबलेली, त्यामुळे प्रोग्राम सहाव्या सूचनेवरून भलतीकडेच उडी मारायचा. त्यानंतर मी तारांना रंग द्यायला लागलो, उडीच्या तारा सगळ्या केशरी, तुम्हीही पहिल्या दिवसापासून द्या. मग त्या प्रोसेसरवर चक्रव्यूहातून रोबोट बाहेर काढायचा प्रोग्राम लिहायचा असतो, भिंतीला एक हात लावून चालत राहायचं, मारोठिया बाजाराच्या गल्लीत चुकलेल्या माणसाने चालावं तसं. तो रोबोट दारापाशी पोचला तेव्हा त्याला चालवणारा प्रत्येक गेट माझा होता.

ताईला फोन केला तर म्हणाली आता टीआयएस-१०० घे. झॅकट्रॉनिक्सचा २०१५ चा गेम, ह्यात तारा नाहीत, नुसतं असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला एकेक सूचना थेट लिहून द्यायची. बारा छोटे छोटे नोड (एकेक नोड म्हणजे एक छोटा प्रोसेसर), एकात जास्तीत जास्त पंधरा ओळी, आकडे उणे ९९९ ते ९९९, गुणाकाराची सूचनाच नाही, परत परत मिळवून करा. मॅन्युअल पीडीएफ आहे, ते प्रिंट काढूनच वाचा. सुरुवातीला माझे प्रोग्राम मध्येच गोठायचे. कारण एका नोडने आकडा दिला की समोरचा घेईपर्यंत तो तिथेच उभा, आणि मी दोघांनाही आधी द्यायला लावलेलं. सियागंजात हे रोज बघतो, गोदामवाला म्हणतो बिल आणा मग माल सोडतो, बिलवाला म्हणतो माल निघाला की बिल करतो, हमाल बिचारा मध्ये. एकाला आधी घ्यायला लावलं की सगळं सुटतं. माझ्या मते हा गेम दुसराच खेळावा, आधी ट्युरिंग कम्प्लीट, नाहीतर रजिस्टर म्हणजे नुसता शब्द राहतो.

आणि मग राहवेना, म्हटलं फुल अॅडर खराखुरा बांधून बघू. महाराणी रोडला जाऊन ७४एचसी०० ह्या नँडच्या चिपचे तीन आयसी, ब्रेडबोर्ड (तारा नुसत्या खोचून जोडायची पाटी), एलईडी, रेझिस्टर, बटणं आणली. एका आयसीत चार नँड, फुल अॅडरला नऊ लागतात, तीन उरतात. चौदा पाय, सातवा जमिनीला, चौदावा पाच व्होल्टला, वीज जुन्या मोबाइल चार्जरची. जोडलं, आणि कुठलंही बटण न दाबता एलईडी फडफडायला लागला, हात जवळ नेला की आणखी. सगळ्या तारा तीनदा तपासल्या, बरोबर होत्या. ताईने फोनवर विचारलं, "बटण सोडल्यावर ती तार कुठे जाते?" कुठेच नाही, मी म्हणालो. "मग ती शून्य नाहीये, ती लटकलेली आहे. गेममध्ये न जोडलेली तार शून्य असते, खऱ्यात नसते. दहा किलोओहमने जमिनीला बांध, आणि उरलेल्या तीन गेटांच्या आतल्या तारा पण."

बांधल्या. दोन्ही एलईडी शांत, अंधार. आईला बोलावलं, म्हटलं एक बटण दाब. उजवा लागला. दुसरंही दाब. उजवा विझला, डावा लागला. आईने जरा वेळ दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "शून्याला शून्य, हातचा एक," आणि मी काही सांगायच्या आत तिसरं बटणही दाबलं.