आमची वाटचाल : आधी फोडायचं, मग डांबर

आमच्या कोटेशनची पहिली ओळ असते, "जुना डांबरी थर काढून मलबा उचलणे." ती वाचून निम्म्या लोकांचा फोन येतोच, आणि सूरही ठरलेला. "भाऊ, आपण रस्ता करायला बोलावलं ना? मग हे फोडायचे पैसे कशाचे?" गेली पंधरा वर्षं याच प्रश्नाचं उत्तर देत पोट भरतो आहे म्हटलं तरी चालेल.

आम्ही नागपूरचे. बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंतची वाट, सोसायटीतले आतले रस्ते, शाळांची आवारं, लग्नाच्या लॉनचं पार्किंग, अधूनमधून एखादा पेट्रोल पंप, असं आमचं काम. महामार्ग कधी वाट्याला आला नाही, आणि आता येऊही नये.

सुरुवात बाबांची. ऐंशीच्या दशकात ते एका ठेकेदाराकडे हाताखाली होते. डांबर ड्रममध्ये यायचं. ड्रम आडवा टाकून खाली लाकडं पेटवायची आणि पातळ झालेलं डांबर झारीने खडीवर शिंपायचं. मजुरांच्या पायांना गोणपाट गुंडाळलेलं असे. बाबा घरी आले की आई आधी रॉकेलचा बोळा त्यांच्या हातात द्यायची, मग पाण्याचा तांब्या. पुढे त्यांनी एक जुना रोलर घेतला आणि स्वतःची कामं सुरू केली. २००४ साली मी बी.कॉम. होऊन धंद्यात आलो तेव्हा आमच्याकडे तो रोलर, एक छोटा मिक्सर, आठ माणसं आणि उधारीची एक जाड वही होती. वहीतली निम्मी पानं आजही वसूल व्हायची आहेत.

मग नागपूरचे मोठे रस्ते एकेक करून सिमेंटचे होऊ लागले आणि गल्ल्यांत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, आले. डांबरवाल्यांचं काम आकसलं, म्हणून आम्ही खाजगी कामाकडे वळलो. जो सर्वांत कमी भाव देईल त्याला काम मिळायचं, आणि भाव कमी करायची सोपी युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. जुन्यावरच नवं मारून द्यायचं.

२००९ च्या मे महिन्यात मीही तेच केलं. काटोल रोडच्या बाजूला एका निवृत्त शिक्षकांचा बंगला होता. फाटकापासून गॅरेजपर्यंत साधारण दीड हजार चौरस फूट. आधीचे दोन थर, वरचा पांढुरका पडलेला, भेगांची जाळी मगरीच्या पाठीसारखी. सरांनी विचारलं, "अरे, हे जुनं काढावं लागेल का?" मी म्हटलं, "काही गरज नाही सर, वरून मस्त मारून देतो." चाळीस मिलिमीटरचा नवा थर दोन दिवसांत टाकून आम्ही मोकळे. संध्याकाळी पाणी मारलं तेव्हा वाट इतकी काळीभोर चमकत होती की मी तिचा फोटो काढला.

आठवडाभरात स्कूटरचं स्टँड त्यात रुतलं. गाडी जागच्या जागी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं तिथे चंद्रकोरीसारखे ओरखडे उठले. डांबर मी व्हीजी-१०, म्हणजे मऊ प्रतीचं, वापरलं होतं, कारण गोडाऊनमध्ये तेच पडून होतं. ते चाळीस अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, काळ्या पृष्ठभागाचं तर विचारू नका, दुपारी साठीच्या पार. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि दुसरी चूक उघडी पडली. तीन थरांनी वाट इतकी उंच झाली होती की पाणी बाहेर जाण्याऐवजी गॅरेजमध्ये शिरलं. गॅरेजचं दारही आता खाली घासत होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात सरांनी बोलावलं. ओरडले नाहीत. खिशातून खडू काढला आणि वाकून एक भेग आखत गेले. फाटकापासून निघालेली ती भेग डावीकडे वळून गुलमोहराकडे जात होती. "ही ओळखलीस? जुनीच आहे. तुझ्या डांबराखालून वर आली." मग दुसरी आखली, तिसरी आखली. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात; रेघ कुठे हलली नाही. मी खाली मान घालून उभा.

ते काम आम्ही पदरमोड करून पुन्हा केलं. तीनही थर काढायचे ठरले आणि तिथे आमची खरी शाळा भरली, कारण जुनं डांबर काढायचं कसं हेच आम्हाला माहीत नव्हतं. मी आपला सकाळी निवांत अकराला ब्रेकर लावला. छिन्नी दगडात जावी तशी आत जाऊन तुकडा उडायला हवा होता. ती रुतून बसली. बाहेर काढताना काळा धागा ओढत आली. जेसीबीचे दात लावले तर चटई गुंडाळली जावी तसा थर वर आला, ताणला गेला आणि पुन्हा खाली पडला. कटरचं पातं चिकटून बंद पडलं. दुपारी दोनपर्यंत आम्ही जेमतेम एक खोलीभर जागा मोकळी केली होती आणि दोघांना लू लागायची वेळ आली होती.

आमचे मिस्त्री बालाघाटकडचे, बाबांच्या वेळेपासूनचे. ते गुलमोहराखाली बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, आता हे निघत नाही, आता हे फक्त चिकटते. सकाळी यायचं होतं." दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी मला तिथे नेलं, काठाचा एक तुकडा सब्बलीने उचकटला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, मोडून बघा. तो चिक्कीसारखा कट्कन तुटला. तुटलेल्या जागी खडी मोकळी दिसत होती, डांबराचा ओलावा नावालाही नव्हता. त्याच तुकड्याचा अर्धा भाग त्यांनी भिंतीवर उन्हात ठेवला. दुपारी एकला तो गुळाच्या पाकासारखा वाकला.

ऊन आणि हवा वर्षानुवर्षं डांबराला कडक करतात, त्याचा काळा रंग राखाडी होतो, भेगा पडतात. आणि तेच ऊन रोज दुपारी त्याला तात्पुरतं मऊ करतं. म्हणजे आमचा माल सकाळी म्हातारा असतो आणि दुपारी लेचापेचा. मग फोडायची वेळ सकाळचीच. पण वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा ही आवाजाच्या नियमांप्रमाणे रात्र; ब्रेकर लावता येत नाही. म्हणजे सहाला सुरू, दहाला बंद. नियम आणि सूर्य यांच्यामधले ते चार तास म्हणजे आमची कमाई. आम्ही साडेपाचला पोचतो, पाण्याचे जार उतरवतो, कडेच्या रेषा आखतो, आणि सहाच्या ठोक्याला पहिला ब्रेकर. (शेजारच्या काकू सहा वाजून एक मिनिटानेच गॅलरीत येतात, हा नियम मात्र कुठे लिहिलेला नाही.) अकरा ते चार मजूर सावलीत. ताक, पाणी, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. कांद्याने काय होतं मला ठाऊक नाही, पण मिस्त्रींसमोर हे कोण म्हणणार?

उलट नवं डांबर टाकायला मात्र आम्ही संध्याकाळ धरतो. प्लांटवरून निघालेला माल दीडशेच्या वर तापलेला असतो. व्हीजी-३० चा, म्हणजे जरा कडक डांबराचा, असेल तर निदान १४० अंशांना पसरायचा आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलर पुरा करायचा. थंडीत या हिशेबाला घाई लागते. आमच्या उन्हाळ्यात मालाची ऊब टिकते, रोलरवाल्याला दम खायला वेळ मिळतो. अडचण नंतरची. सकाळी टाकलेला थर त्याच दुपारच्या उन्हापर्यंत नीट बसलेलाच नसतो. संध्याकाळी टाकला तर त्याला निदान एक रात्र मिळते. तरी गाडी तीन दिवस बाहेर ठेवा असं आम्ही बजावून सांगतो, आणि तरी दर तिसऱ्या घरी कोणीतरी दुसऱ्याच दिवशी बुलेट आत घेतो.

सगळं काढायलाच हवं असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खालचा थर घट्ट असेल, सब्बलीच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल आणि पोर्चला उंची शिल्लक असेल, तर वरचा इंच-दीड इंच खरवडून, धूळ काढून, इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) टॅक कोट, म्हणजे चिकटवणारा हात, मारून नवं टाकलं तरी चालतं. इमल्शन आधी चहासारखं तपकिरी दिसतं; ते पुरतं काळं झाल्याशिवाय माल ओतायचा नाही. पण मगरीची पाठ दिसली की खालचा पाया गेलेला असतो. सरांकडे तसंच निघालं. थराखाली मुरूम ओला, त्याखाली काळी माती. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वर काहीही टाका, ती हलवणारच. आम्ही ती फूटभर काढली, खडीचा थर दाबून बसवला, आणि उतार पोर्चकडून फाटकाकडे दिला, पन्नास फुटांना एक फूट. गाडी उभी राहायची तिथे इंजिन ऑइलचा एक काळा डाग होता. तिथलं डांबर बोटाने खरवडून निघत होतं. पेट्रोल, डिझेल, ऑइल डांबराला विरघळवतात, आणि त्यावर नवा थर टाकला की तो तिथूनच सुटतो.

उखडलेल्या मालाचा हिशेब तर आम्हाला कधी नीट जमलाच नाही. तीन इंचांचा थर आणि दीड हजार फूट, म्हणजे कागदावर पावणेचार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). फोडल्यावर टिप्परमध्ये साडेपाच भरते. सुरुवातीला आम्ही कागदावरचे पैसे लावायचो आणि एक फेरी पदरची जायची. २०१६ च्या उन्हाळ्यात आणखी एक अक्कल आली. दोन टिप्पर मलबा आम्ही आमच्या आवारात ढीग करून ठेवला, म्हटलं पावसाळ्याआधी विकू. महिन्याभरात तो ढीग सगळा एकजीव होऊन बसला. पुन्हा जेसीबी, पुन्हा ब्रेकर. एकदा फोडलेलं दुसऱ्यांदा फोडायला पैसे देणारा नागपुरात मी एकटाच असेन.

आता तो माल त्याच दिवशी निघतो. टिप्परच्या हौद्यात आधी क्रशरची चुरी पसरतो, नाहीतर दुपारी तो खाली उतरायलाच तयार नसतो. काटोलकडे एका संत्रा बागायतदाराच्या पांदण रस्त्यावर आम्ही असा माल टाकला होता. काळ्या मातीत त्यांचा ट्रॅक्टर दर पावसाळ्यात फसायचा. तुकडे पसरले, वरून मुरूम, रोलर फिरवला, आणि पुढचं काम उन्हानेच केलं. जो चिकटपणा आमच्या आवारात आमच्या बोकांडी बसला होता, तोच तिथे उपयोगी पडला. त्या वर्षी दिवाळीत घरी संत्र्यांची पेटी आली.

धंदा सरळ चढत गेला असं मात्र नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. डांबरावर १८ टक्के. डांबराचा भाव महिन्यातून दोनदा, एक आणि सोळा तारखेला बदलतो, त्यामुळे आमचं कोटेशन दुधासारखं, पंधरा दिवसांत नासतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी भर हंगामात. आमचा सगळा हंगाम म्हणजे दिवाळी ते जूनची पहिली सर. माणसं बालाघाट-सिवनीकडे निघून गेली, मिस्त्रीही गेले. त्या उन्हाळ्यात रोलर फक्त बॅटरी उतरू नये म्हणून सुरू करायचो. २०२१ च्या शेवटी छोट्या लोडरला लावायचं खरवडायचं ड्रम आम्ही भाड्याने घ्यायला लागलो. मोठं मिलिंग मशीन, म्हणजे रस्ता खरवडायचं यंत्र, बंगल्याच्या फाटकातून आत जात नाही, हे जातं. मिस्त्री परत आले, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे पण सकाळीच चालवा."

आज चौदा माणसं आहेत. ऑफिसच्या टेबलावर मी जुन्या डांबराचे चार-पाच तुकडे ठेवतो. पैसे कशाचे म्हणून कुणी विचारलं की एक तुकडा हातात द्यायचा आणि मोडायला सांगायचं. बहुतेक वेळा पुढे बोलावं लागत नाही.

यंदा मे महिन्यात एक गृहस्थ भर दुपारी आले. लाइट गेलेली, पंखा बंद, तुकडे खिडकीत उन्हात पडलेले. मी नेहमीच्या ऐटीत एक उचलून दिला. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. तुकडा आरामात वाकला आणि त्यांच्या बोटांना चिकटून राहिला.

"हे तर चांगलं मजबूत आहे की भाऊ," ते म्हणाले. "मग काढता कशाला?"

मी त्यांना कापूस दिला, बाटलीतलं रॉकेल दिलं आणि सकाळी या म्हटलं. आले. पावणेसहाला मॉर्निंग वॉकचे बूट घालून आवारात उभे होते. तुकडा मोडला, एक कण उडून त्यांच्या चष्म्यावर आपटला. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "शेजारच्यांना आधी सांगून ठेवू का?"