नखाला लागलेली धार

बुधवारी सकाळी फाइल आली तेव्हा आमच्या सरांनी केबिनच्या दारातूनच विचारलं, "संध्याकाळपर्यंत सॉलिड मिळेल ना? उद्या गुरुवार." सॉलिड म्हणजे कुठेही फट नसलेलं, बंद त्रिमितीय मॉडेल; प्लास्टिकच्या साच्यांसाठी ते तयार करणं हे माझं काम. भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी मशिनचे प्रोग्रॅम करणाऱ्या कॅमवाल्या दादांच्या हातात कोअर-कॅव्हिटी (साच्याचा आतला आणि बाहेरचा भाग) द्यायची, म्हणजे माझ्याकडे बुधवारचाच दिवस होता. मी म्हटलं, "उघडून बघते, मग सांगते." बाहेरून आलेली फाइल आतून बघितल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही. औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये शिकत असताना लागलेली ही सवय आहे.

काम विजेच्या मीटरच्या पारदर्शक कव्हरचं होतं. जुना साचा वर्षानुवर्षं चालून थकलेला, म्हणून ग्राहकाला तसाच दुसरा हवा होता. मूळ मॉडेल ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं ते आता त्यांच्याकडे नव्हतं. उरली होती एक आयजेस फाइल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल न्यायचा जुना फॉरमॅट), आणि सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक नमुना: जुन्या साच्यातून निघालेलं, अजून वेल्ड न केलेलं कव्हर. त्यानंतरच्या फॉरमॅटमधली स्टेप फाइल मिळेल का, हे फोन करून विचारलं. नव्हती.

आयजेस हा १९८० साली अमेरिकेत ठरलेला फॉरमॅट. स्टेपचं मानक आलं १९९४ मध्ये. मधल्या काळातली आणि नंतरचीही कितीतरी मॉडेल्स जगभर आयजेसमध्येच पडून आहेत. आमच्याकडे येणाऱ्या अशा फायलींत बहुतेक वेळा प्रत्येक सरफेस सुटा असतो: हा माझा पृष्ठभाग, ही माझी कड, बस. शेजारी कोण, याचा पत्ता नाही. शिवायला आणलेल्या कापडाचे तुकडे नुसते गाठोड्यात बांधून द्यावेत तसं.

मी अशी फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, ७३ व्या जागी विभागाचं अक्षर. दोन गोष्टी तिथंच कळतात. एकक मिलिमीटर आहे की इंच, आणि पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने किती बारकावा धरला होता. इथं मिलिमीटर होतं, बारकावा ०.०१. आमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात पॅरासॉलिड हे भूमितीचं गणित करणारं इंजिन आहे. ते दोन बिंदू एकच आहेत असं मानतं ते मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापर्यंत. म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोळ्याला जुळलेल्या कडा आमच्या डोळ्याला हजारपट अंतराने सुटलेल्या दिसू शकतात. यात पाठवणाऱ्याची चूक काही नाही. दोन साधे बायक्युबिक (दोन्ही दिशांना तीन घाताचे) सरफेस एकमेकांना छेदतात ती रेघ तंतोतंत लिहायची झाली तर ३२४ घाताची वक्ररेषा लागते. ती कुणीच लिहीत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर तिच्या जवळपासची एक रेघ घेतं, दोन्ही सरफेसवर आपापली, आणि त्या दोन रेघांच्या मध्ये केसाहून बारीक फट राहून जाते.

एकूण ४६८ सरफेस. ०.०१ च्या टॉलरन्सवर, म्हणजे एवढी फट चालेल असं मानून, कडांना टाके घातले, ६१ कडा उघड्या राहिल्या. लाल रेघांनी कव्हर ओरबाडल्यासारखं दिसत होतं. मी सरांना सांगितलं, होईल, पण वेळ लागेल.

टॉलरन्स वाढवून ०.१ केला असता तर बहुतेक लाल रेघा एका क्लिकमध्ये गेल्या असत्या. मी ते करत नाही. फट तशीच राहते, फक्त सॉफ्टवेअर तिच्याकडे बघायचं थांबतं. मग ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी स्पार्क गॅपचा ऑफसेट द्यायला, म्हणजे ठिणगीपुरतं अंतर सोडून पृष्ठभाग सरकवायला, गेलं की मॉडेल नेमकं तिथंच फाटतं.

सोपी कामं आधी उरकली. चार सरफेस दोनदा आले होते, एकावर एक. ते उडवले. बाराएक सरफेसचे नॉर्मल (पृष्ठभागाशी काटकोनातली दिशा) आत वळलेले, ते फिरवले. दोन ठिकाणी ट्रिमची, म्हणजे सरफेस जिथं कापायचा ती, रेघच तुटली होती, म्हणून सरफेस अनट्रिम करून शेजाऱ्यांशी पुन्हा छेद घेतला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ६१ च्या २८ झाल्या.

मग कोपरे. कव्हरच्या चारही कोपऱ्यांत तीन फिलेट (गोलावलेल्या कडा) एकत्र येतात आणि मध्ये एक त्रिकोणी तुकडा बसतो. सरफेसला जन्मतः चार कडा असतात. त्याला तीन कडांचा करायचा तर एक कड दाबून बिंदू करावी लागते. त्या बिंदूवर सरफेसला दिशाच राहत नाही, नॉर्मल कुठे काढायचा ते गणिताला कळत नाही. जुन्या फायलींतल्या रडणाऱ्या कोपऱ्यांत निम्मे तरी असे निघतात. मी चारही तुकडे काढून टाकले. शेजारचे फिलेट थोडे मागे कापले, म्हणजे भोक त्रिकोणी न राहता चौकोनी झालं, आणि प्रत्येक कडेला शेजाऱ्याशी टँजन्सी धरून, म्हणजे सांध्यावर कोन न पडू देता, नवीन पॅच भरला. नंतर झेब्रा, म्हणजे काळे-पांढरे पट्टे, लावून पाहिला. पारदर्शक भागात कोपऱ्यावरून प्रकाश वाहतो, पट्टे जरा मोडले तरी डोळ्याला खटकतं. पहिला कोपरा तीनदा करावा लागला. चौथा झाला तेव्हा साडेतीन वाजले होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

राहिल्या होत्या बारीक पट्ट्या. ट्रिम करताना उरलेल्या चिंध्या, फिलेटच्या कडेने पळणाऱ्या, ०.०२ किंवा ०.०३ रुंदीच्या. मोजल्या तर वीसच्या वर. प्रत्येक हाताने काढायची म्हणजे निवडा, काढा, शेजारी वाढवा, पुन्हा ट्रिम करा. आमच्याकडे एक कमांड आहे, ठरवलेल्या रुंदीपेक्षा अरुंद असलेले सगळे फेस शोधून काढते आणि शेजारचे ओढून जागा बुजवते. मी मर्यादा दिली ०.५. तो आकडा माझ्या बोटांत बसलेला होता. आमच्या मशिनवर फिनिशिंगला सगळ्यात लहान बॉल कटर १ मिलिमीटरचा, म्हणजे ०.५ त्रिज्येचा. त्याहून अरुंद काही असलं तरी कटर तिथं पोचत नाही, मग ठेवायचं कशाला? बऱ्याच कामांत हे चाललं होतं.

सव्वाचारला मॉडेल बंद झालं. उघडी कड शून्य. ड्राफ्ट (भाग साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) तपासला, भिंतीची जाडी तपासली, सगळं स्वच्छ. सरांना फोन केला, "झालं."

पार्टिंग लाइन, म्हणजे साचा जिथं उघडतो ती रेघ, दाखवायला मी फिटर काकांना वर बोलावलं. त्यांचं सगळं आयुष्य साच्यांवर गेलंय. मॉडेल ते वाचत नाहीत असं म्हणतात, पण सेक्शन (मॉडेलचा छेद) दाखवला की सगळं वाचतात. येताना त्यांनी तो नमुना पिशवीतून काढून हातात घेतला होता. मी स्क्रीनवर सेक्शन फिरवत होते, ते नमुन्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत होते.

"ताई, हे बघ. इथं नखाला धार लागते."

मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथं सपाट होतं.

"वेल्डिंगची धार आहे ती," ते म्हणाले. "तुझ्यात कुठंय?"

माझ्या पोटात गोळा आला. मूळ फाइल शेजारी उघडली आणि कव्हरच्या बसायच्या कडेवर झूम केलं. दोन अरुंद पट्ट्या पूर्ण परिघाभर फिरत होत्या, एकमेकींना टेकून, माथ्यावर ६० अंशांचा कोन करून. उंची ०.४. आणि प्रत्येक पट्टीची रुंदी ०.४६. माझ्या ०.५ च्या आत.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मीटरचं कव्हर त्याच्या तळाच्या भागाला अल्ट्रासॉनिक कंपनांनी वेल्ड करतात, म्हणजे कुणी ते उघडलं तर खूण राहिल्याशिवाय राहत नाही. सोनोट्रोड, म्हणजे त्या मशिनचं कंप देणारं टोक, सेकंदाला २०,००० वेळा थरथरतो. ती सगळी ऊर्जा एका बारीक धारेवर एकवटते, धार आधी वितळते आणि सांध्यात पसरते. तिला एनर्जी डायरेक्टर म्हणतात. धार नसेल तर सपाटावर सपाट घासतं, कुठे वितळतं, कुठे नाही, आणि कव्हर हाताने निघू शकतं. मी त्या कव्हरचं सगळ्यात महत्त्वाचं अंग चिंधी समजून पुसलं होतं, आणि सॉफ्टवेअरने शेजारचे सरफेस इतके सुबक ओढले होते की तिथं कधी काही होतं याचा मागमूस नव्हता.

साच्यात ही धार म्हणजे पोलादातली खाच. ती करायची राहून गेली असती तर ट्रायलनंतर कोरता आली असती, हे काकांनीच मला समजावलं. स्टील काढणं जमतं, घालणं जमत नाही. पण पोलाद तोवर कडक झालेलं असतं, कोअर खोलून पुन्हा स्पार्किंगला लावायचा, आणि मुळात ट्रायलच्या दिवशी ग्राहकाच्या वेल्डिंग मशिनवर कव्हर चिकटत नाही म्हणून शोध सुरू झाला असता. कटर पोचत नाही म्हणून ठेवायचं नाही, हा माझा तर्कच कच्चा होता. जिथं कटर पोचत नाही तिथंच तर आम्ही इलेक्ट्रोड वापरतो.

मी प्रत्येक टप्प्याला वेगळी प्रत ठेवते, त्यामुळे साडेतीनच्या फाइलवर परत गेले. त्या वीसएक चिंध्या आता एकेक करून हाताने काढल्या. प्रत्येकीच्या आधी मूळ फाइलमध्ये सेक्शन घेतला: ही पट्टी काही काम करतेय का? धारेच्या पट्ट्या कोपऱ्यांत खरंच फाटलेल्या होत्या, टाके बसत नव्हते. म्हणून ती धार नव्याने बांधली. बसायच्या कडेचा सपाट सरफेस ठेवला, दोन पट्ट्या भेटतात ती माथ्याची रेघ मूळ फाइलमधून उचलली आणि तिच्यावरून ६० अंशांचा त्रिकोण फिरवला. मग जुन्या पट्ट्यांशी अंतर तपासलं. सगळीकडे ०.०१ च्या आत.

काकांनी नमुना खाली प्रोफाइल प्रोजेक्टरवर (मोठी सावली पाडून मोजायच्या यंत्रावर) लावला. माथा बोथट झालेला, उंची ०.४ ला थोडी कमी. पॉलिकार्बोनेटला आम्ही ०.६ टक्के श्रिंकेज (थंड होताना आकसणं) धरतो. ०.४ वर ते हजारांशांत जातं, फरक त्यातून आलेला नव्हता. जुन्या साच्याची खाच तळाशी गोलावली असणार. मी मॉडेलवर विश्वास ठेवला आणि माथा टोकदार ठेवला.

एक गोष्ट मात्र मला ठरवता येईना. एका बाजूला, साधारण ६ मिलिमीटर लांबीत, धार तुटलेली होती. मॉडेलमध्येही, नमुन्यातही. सरफेस हरवला असेल का, आणि जुना साचाही याच फाइलवरून झाल्याने नमुन्यात तेच उतरलं असेल का? की मुद्दाम सोडलं असेल? सकाळची मी असते तर ते अंतर भरून टाकलं असतं, सलग धार दिसायलाही बरी. मी ते तसंच ठेवलं, तिथला फोटो आणि सेक्शन काढला आणि ग्राहकाला मेल केला. सरांना सांगितलं, सॉलिड तयार आहे, पण एका प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय कोअर सोडायचा नाही. कॅव्हिटीचं रफिंग (पहिली जाडसर कटाई) सुरू करा. ते जरा थांबले, मग म्हणाले, "ठीक आहे." रात्री नऊला मी आणि काका एकत्रच बाहेर पडलो.

शुक्रवारी अकराला उत्तर आलं. त्या जागेच्या मागे सीलच्या स्क्रूचा बॉस, म्हणजे स्क्रू बसायचा उंचवटा, आहे. वितळलेलं प्लास्टिक त्याच्या भोकात जाऊ नये म्हणून धार तिथं मुद्दाम तोडली आहे, भरू नका. मी ते वाक्य जसंच्या तसं मॉडेलमध्ये, त्या फेसला जोडून, टीप म्हणून लिहिलं. मग कॅमवाल्या दादांना कोअर पाठवला आणि कमांडच्या सेटिंगमधला ०.५ काढून तो रकाना रिकामा ठेवला.