एमजीबीचा कॅम आणि टॅपेटची भानगड

जुन्या स्पोर्ट्स कारचे पार्ट मिळत नसतील ना रे, असं पुण्याचे मित्र नेहमी विचारतात. बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत ते खरंही आहे, पण माझ्या गाडीचं उलटंच आहे. माझी एमजीबी जीटी, 1972 ची, इथे इंग्लंडात अगदी गल्लीबोळातली गाडी. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे आजही फोन उचलला की पार्ट दोन दिवसांत दारात. आख्खी नवीन बॉडीशेलसुद्धा मिळते, आता काय बोलणार. प्रश्न मिळण्याचा नाहीच, मिळालेलं टिकेल का याचा आहे, आणि इंजिनात ही गोष्ट सगळ्यात जास्त कुठे नडत असेल तर कॅम (फिरता फिरता वॉल्व उघडणारा दांडा) आणि टॅपेट (त्या दांड्यावर टेकून वर उचलला जाणारा छोटा डबा). म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण कॅम बदलायचाय असं म्हणणारे सगळे आधी कॅमच्या डिग्र्या, म्हणजे क्रँक किती फिरेपर्यंत वॉल्व उघडा राहतो ते, विचारतात, टॅपेटबद्दल कोणी विचारतच नाही.

इंजिन आपल्या ओळखीचंच आहे. बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, कॅम ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड (टॅपेटने ढकललेली काठी), रॉकर (वॉल्व दाबणारा हात), सगळा जुना सरळ मामला. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच घराण्यातलं, आणि 1955 च्या एमजीए 1500 मध्येही तेच 1489. एमजीबीत ते वाढवून 1798 सीसी केलं. सांगलीच्या मामाकडे मार्क 3 ॲम्बॅसेडर होती, त्यामुळे माझ्या गाडीचं बॉनेट त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा त्याने "अरे हे तर आपलंच इंजिन" म्हणून ओळखलंच, वर फुकटचा सल्लाही दिला, "टॅपेट वाजतोय तोवर काळजी करू नकोस बाळा, आवाज बंद झाला की हेड खोलायची तयारी ठेव." बोलणं गमतीचं असलं तरी खरंय. रॉकर आणि वॉल्वमधला गॅप कमी झाला की एक्झॉस्ट वॉल्व नीट बसत नाही, बसला नाही की त्याची उष्णता सीटमध्ये जात नाही आणि तो जळतो. एमजीबीला थंड इंजिनावर 15 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.38 मिमी गॅप, आणि तेवढ्या गॅपला थोडी टकटक येणारच.

आता मूळ कॅम. मॅन्युअलमध्ये दिलंय की इनलेट वॉल्व टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) 16 डिग्री आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) 56 ला बंद होतो, एक्झॉस्ट बीडीसीच्या 51 आधी उघडतो आणि टीडीसीनंतर 21 ला बंद. बेरीज केली तर दोन्हीकडे 252 डिग्री, ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही वॉल्व एकदम उघडे असतात तो काळ, 37. हा कॅम काही वाईट नाही बरं का, खालच्या आरपीएमला मस्त ओढतो, ट्रॅफिकमध्ये तिसऱ्यावरही कुरकुर करत नाही. पण साडेचार हजाराच्या पुढे गाडी दमते, आणि माझा जुना कॅम तर दोन लोबवर (वॉल्व उचलणाऱ्या उंचवट्यांवर) झिजलेला निघाला म्हणून बदलायचाच होता, मग बदलतोयच तर जरा बरा घालू असा हिशेब.

इथली मजा म्हणजे पर्फॉर्मन्स कॅम बनवणारी जुनी नावं सगळी केंट काउंटीत किंवा तिच्या वेशीवर. केंट कॅम्स फोकस्टनला, पायपर ऍशफर्डला, न्यूमन ऑर्पिंग्टनच्या बाजूला. तिकडच्या पाण्यात काय आहे देव जाणे. एमजीबीवाल्यांच्या तोंडात केंटचा 714 आणि पायपरचा बीपी270, बीपी285 हे नंबर असतात. पायपरच्या नावातला आकडा म्हणजेच ड्युरेशन, वॉल्व उघडा राहण्याच्या डिग्र्या, म्हणून लोक पटकन तुलना करायला लागतात, याचा 270, त्याचा 268, अमेरिकेतल्या अमक्याचा 260, मग 270 वाला जास्त गरम. इथे गफलत होते. ड्युरेशन कुठल्या लिफ्टला, म्हणजे किती उचलल्यावर, मोजलंय ते बघितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. कोणी वॉल्व गॅप धरून मोजतो, कोणी अगदी हलायला लागल्यापासून, अमेरिकेतले बरेच जण टॅपेट 0.050 इंच उचलला गेला की तिथून मोजतात. एकच कॅम एका पद्धतीने 270 आणि दुसरीने 220 च्या आसपास भरू शकतो. म्हणून विकणाऱ्याकडे कॅम कार्ड मागायचं, त्यावर 0.050 चा आकडा, कॅमवरची लिफ्ट, फुल लिफ्ट कुठे येते आणि गॅप किती ठेवायचा, एवढं पाहिजेच. कार्ड नाही म्हणाला तर मी पुढे जातो, मग कितीही स्वस्त असू दे.

फुल लिफ्टचं एवढ्यासाठी की नुसते मार्कला मार्क जुळवून टायमिंग बसत नाही. मूळ कॅमची इनलेट फुल लिफ्ट वरच्या आकड्यांवरून टीडीसीनंतर 110 डिग्रीला येते, नवीन कॅमचा वेगळा आकडा असतो, आणि स्प्रॉकेट, कीवे, चेन या सगळ्यांतला थोडा थोडा फरक मिळून चार-पाच डिग्री सहज इकडचं तिकडे होतं. डिग्री व्हील आणि डायल गेज लावून मोजायचं, चुकत असेल तर ऑफसेट की किंवा व्हर्नियर स्प्रॉकेट, टायमिंग थोडं पुढेमागे सरकवणारे पार्ट. व्हर्नियर महाग आहे पण दुसऱ्यांदा टायमिंग कव्हर काढायचं नसेल तर घ्या. चेन मात्र डबलच, नंतरच्या एमजीबींना कंपनीने सिंगल चेन दिली ती पैसे वाचवायला, दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

कुठला घ्यावा म्हणाल तर रस्त्यावरच्या गाडीला 270 च्या आसपासचा, त्यापुढे नको. बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरना मिळून दोनच इनलेट पोर्ट आहेत, दोन-दोन सिलिंडर एका पोर्टवर भांडतात, त्यात ओव्हरलॅप वाढवला की स्लो स्पीडला एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात. 285 घातलेल्या गाड्या मी ऐकल्यात, सिग्नलला उभ्या राहिल्या की घरघरतात, मालक खूश असतो, बायको शेजारी बसायला तयार नसते. आणि हेडचं काम न करता मोठा कॅम म्हणजे पैसे वायाच. आधी हेड, मग कार्ब्युरेटरची नीडल, मग कॅम, हा माझा क्रम, बाकी प्रत्येकाची मर्जी. रोलर रॉकरचीही फार हौस असते लोकांना, मला रस्त्यावर त्याचा फायदा जाणवण्याइतका दिसला नाही, त्या पैशात नवीन रॉकर शाफ्ट, बुश आणि चांगल्या स्प्रिंगा येतात. झिजलेल्या शाफ्टवर गॅप कितीही सेट करा, आठवड्यात परत तेच.

आता टॅपेट, म्हणजे ज्याला इथे फॉलोअर म्हणतात. लोबवर घासणारा हा छोटासा लोखंडी डबा, आणि सगळं प्रकरण याच्या तळावर अवलंबून. गेल्या वीसेक वर्षांत जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मऊ टॅपेटच्या तक्रारी इतक्या झाल्यात की आता कोणी नाव घेतलं तरी लोक कपाळाला हात लावतात. माझ्या एका मित्राने कॅम एका चांगल्या ठिकाणाहून आणि टॅपेट दुसरीकडून, कुठल्या तरी स्वस्त किटमधले, असं केलं. काही शे मैलांत गाडीचा आवाज बदलला, गॅप रोज वाढायला लागला, खोलून बघतो तर तीन नंबरचा लोब टोकाला जवळजवळ गोल, आणि टॅपेटच्या तळाला खड्डे, कडेला निळसर झाक, मधे वाटीसारखी खोल झीज. चांगला टॅपेट कसा दिसतो माहितीये? तळ करडा, मंद चमकदार, आणि त्यावर बारीक बारीक गोल वर्तुळं, कारण तो लोबवर नुसता घासत नाही तर फिरतो. लोबला अगदी किंचित उतार दिलेला असतो, टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, आणि लोब टॅपेटच्या मध्यापासून जरा बाजूला टेकतो, या तिन्हीमुळे तो फिरत राहतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. फिरायचा थांबला की एकाच रेषेवर घास, आणि संपलं.

म्हणून पार्सल आलं की लगेच इंजिनात नाही घालायचे. दोन टॅपेटचे तळ एकमेकांवर ठेवून बघायचे, डोलले पाहिजेत, अगदी सपाट चिकटून बसले तर तळाला फुगवटाच नाही. फुगवटा जेमतेम 2 थाऊचा असतो पण या पद्धतीने हाताला कळतो. मग बारीक कानस घेऊन टॅपेटच्या बाजूला, तळाला चुकूनही नाही, हलकेच फिरवायची, कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. चावली तर परत पाठवा, वाद घालत बसू नका. माझा सरळ नियम असा की कॅम ज्याच्याकडून, टॅपेटही त्याच्याकडूनच, एकाच बिलावर. उद्या काही झालं तर हा म्हणतो त्याचा टॅपेट खराब, तो म्हणतो याचा कॅम खराब, तो तमाशा नको. जुना टॅपेट नवीन कॅमवर तर कधीच नाही, जुन्या झिजेचा साचा नवीन लोबवर उतरतो.

अजून एक खाचखळगा म्हणजे बी-सिरीजमध्ये टॅपेट दोन प्रकारचे. आधीच्यांत उंच टॅपेट आणि आखूड पुशरॉड, नंतरच्या 18V मालिकेच्या इंजिनांत आखूड टॅपेट आणि लांब पुशरॉड. पन्नास वर्षांत इंजिनं बदलली, हेडं बदलली, त्यामुळे गाडीच्या सालावरून मागवू नका. मॅनिफोल्ड काढायचा, ब्लॉकच्या बाजूची दोन कव्हरं काढायची आणि डोळ्यांनी बघायचं. मामा म्हणाला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून ॲम्बॅसेडरचे टॅपेट पाठवतो, स्वस्तात पडतील. घराणं एक असलं तरी माप घेतल्याशिवाय नाही म्हटलं, त्याला जरा रागच आला.

ऑटोजंबलचा, म्हणजे जुन्या गाड्यांच्या पार्टच्या बाजाराचा, मोह सांगून ठेवतो. फेब्रुवारीत स्टोनले पार्कला एमजी आणि ट्रायम्फच्या स्पेअर्सचा बाजार भरतो, सप्टेंबरात ब्यूलीला मोठा. पुण्याचा जुना बाजार आठवतो अगदी, फक्त चिखल इंग्लिश आणि चहा पाणचट. तिथे टेबलावर "रेस कॅम, फारसा वापरलेला नाही" म्हणून तेलकट पेपरात गुंडाळलेले कॅम असतात. मी बघतो, हातात घेतो, आणि ठेवून देतो. कॅमच्या मागच्या टोकाला ग्राइंडरचा, म्हणजे तो घासून बनवणाऱ्याचा, नंबर कोरलेला नसेल तर तो काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. शिवाय हे कास्टिंग कडक पण ठिसूळ, हातातून फरशीवर पडला तर दोन तुकडे. रॉकर पेडेस्टल, पुशरॉड, साइड कव्हरं, असल्या गोष्टी मात्र तिथूनच घ्या.

रीग्राइंड, म्हणजे जुनाच कॅम नवीन प्रोफाइलला घासून घेणं, हे एमजीबीला मी करणार नाही, कारण दोन-तीनशे पौंडांत नवीन कॅम आणि टॅपेटचा सेट येतो. पण एमजीए ट्विन कॅमसारखी गाडी असेल, जी एकूण 2,111 च बनली, तिथे नव्या पार्टची निवड फारशी नसतेच, मग रीग्राइंडचा विचार करावाच लागतो. पुशरॉडच्या इंजिनात रीग्राइंड केलात तर बेस सर्कल लहान होतं, टॅपेट खाली बसतो, म्हणून लांब पुशरॉड लागू शकतात, आणि लोबवरचा कडक थर किती उरला हे घासणाऱ्याला आधीच विचारायचं.

शेवटी ऑईल आणि पहिली वीस मिनिटं. टॅपेटला वाचवतं ते ऑईलमधलं झेडडीडीपी, जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतात म्हणून 2004 च्या एपीआय एसएम ग्रेडपासून (एपीआय म्हणजे ऑईलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) पातळ ऑईलमध्ये फॉस्फरस 0.08 टक्क्यापर्यंतच ठेवलाय. नव्या गाड्यांना ते चालतं, आपल्याला नाही. क्लासिक गाड्यांसाठीचं 20W-50 घ्या, डब्याच्या मागे जस्ताचा आकडा बघून. कॅमला मॉलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट चोपडायची, प्लग काढून स्टार्टरने ऑईल प्रेशर आणायचं, इग्निशन आधीच असं बसवायचं की पहिल्या झटक्यात चालू झाली पाहिजे, आणि चालू झाली की लगेच 2000 ते 2500 आरपीएमवर वीस मिनिटं, स्लोवर अजिबात सोडायची नाही. लोकांना उलटं वाटतं, नवीन इंजिन म्हणून हळू चालवावं. पण स्लोवर स्प्रिंगचा पूर्ण दाब लोबच्या टोकावर असतो आणि क्रँकवरून उडणारं ऑईल कॅमपर्यंत नीट पोचतच नाही. डबल स्प्रिंग असतील तर या वीस मिनिटांपुरती आतली काढून ठेवतात, मीही तसंच केलं. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की उद्या आवाज होणार, त्या खिडकीत चहा घेऊन बसल्या होत्या.

नंतर ऑईल आणि फिल्टर बदलला, फिल्टर कापून पाहिला, थोडी काळी पेस्ट होती, धातूचा चुरा नव्हता. गॅप थंड इंजिनावर परत बघितले, आठपैकी दोन किंचित हलले होते, ते केले. कोणाकडे पुण्या-मुंबईत एमजीए किंवा एमजीबी असेल आणि इथून कॅम मागवायचा असेल तर टॅपेटसकट एकत्रच मागवा, कस्टम्सची झंझट एकदाच होईल, आणि कॅम जाड प्लॅस्टिकच्या पाइपात घालून पाठवायला सांगा, पुठ्ठ्याच्या खोक्यात नको.