तुम्ही विचारलंत म्हणून : आधी माइक, मग बाकीचं

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांतून हा प्रश्न फिरून फिरून येतो. विचारणारे बहुधा प्राचार्य, नाहीतर आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे, समन्वयक : "स्टुडिओ नाही, बजेट नाही, स्टाफ खडू-फळ्यावर वाढलेला. ऑनलाइन शिकवायला त्यांना तयार करायचं तर सुरुवात कुठून करायची?"

माइकपासून करा. कॅमेऱ्यापासून नको, आणि ऑनलाइन वर्ग मूडलवर भरवायचा की गूगल क्लासरूमवर या वादापासून तर मुळीच नको. कॉलेजच्या ईमेलवर जे आधीच चालू आहे ते घ्या आणि पुढे सरका.

आसनगाव किंवा बदलापूरहून येणारी मुलगी तुमचं लेक्चर लोकलच्या गर्दीत, एक इअरफोन कानात घालून ऐकणार आहे. चित्र जरा धूसर असलं तरी ती चालवून घेते. आवाज घुमला की बंद करते.

वायरचा कॉलर माइक हजार रुपयांच्या आत मिळतो. विभागाला एक पुरतो. घेताना प्लग बघा : त्यावर तीन काळ्या रेघा हव्यात. दोनच असतील तर तो कॅमेऱ्यासाठीचा. फोनला लावला की फोन त्याला ओळखत नाही आणि गुपचूप स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. म्हणून आधी दहा सेकंद रेकॉर्ड करा, माइकवर नखाने टकटक करा आणि ऐका. टकटक मोठी आली तर ठीक. बऱ्याच नव्या फोनना गोल जॅक नसतो, त्यांना टाइप-सीचं कनव्हर्टर वेगळं घ्यावं लागतं. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. ओढणी किंवा पदर घासला तर खरखर येते. पंखा बंद. खोली रिकामी वर्गखोली नको, लायब्ररीतला पुस्तकांच्या रॅकमधला कोपरा घ्या. पुस्तकं आवाज घुमू देत नाहीत, आणि हा स्टुडिओ फुकट आहे.

रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ हे कॉम्प्युटरचा स्क्रीन आणि आवाज टिपणारं सॉफ्टवेअर पुरे, तेही मोफत. पण त्यातला बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठवायचा तो आकडा, २५०० केबीपीएस ठेवला तर दहा मिनिटांचे जवळपास २०० एमबी होतात. स्लाइडवर बोलायचं असेल तर १२८० बाय ७२०, सेकंदाला १५ फ्रेम, व्हिडिओ ६०० आणि आवाज ६४ केबीपीएस ठेवा. तेवढंच लेक्चर ५० एमबीच्या आसपास बसतं. (मध्ये प्रयोगाचा हलता व्हिडिओ असेल तर ६०० कमी पडतं, चित्र फुटतं.) फाइल एमकेव्हीमध्ये करा. वीज गेली तर साधी एमपी४ फाइल उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची तरी हाती लागते. मग ओबीएसच्याच फाइल मेनूतून रीमक्स करून, म्हणजे नुसता फाइलचा प्रकार बदलून, एमपी४ मिळते.

आता खरं अवघड काम. ४८ मिनिटांचं लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड करू नका. हजेरी, "कळलं का?", फळा पुसणं काढलं तर उरतो तो मजकूर आठ-दहा मिनिटांच्या तीन तुकड्यांत मावतो. प्रत्येक तुकड्यात एकच मुद्दा आणि शेवटी दोन प्रश्न. वर्गात चेहरे बघून उदाहरण बदलता येतं, इथे चेहरे नाहीत. म्हणून मुलं नेमकी कुठे अडतात ते आधी कागदावर लिहायचं. हे फक्त अनुभवी शिक्षकालाच जमतं. सॉफ्टवेअर कुणीही शिकतं. तेव्हा जोड्या लावा : एक वीस वर्षं शिकवलेले, एक नुकते रुजू झालेले. कोण कुणाला शिकवतंय ते त्यांचं ते ठरवतील.

एक दिवसाची कार्यशाळा करून प्रमाणपत्रं वाटण्यात अर्थ नाही. आठवड्याला दोन तास, चार आठवडे. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने स्वयम या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरचा आपल्या विषयाचा एक घटक विद्यार्थी म्हणून, फोनवर, मोबाइल डेटावर पुरा करायचा. व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा, स्वयंचाचणी हा तिथला चार भागांचा साचा तसाच उचला. दुसऱ्या आठवड्यात एक तुकडा लिहायचा, तिसऱ्यात रेकॉर्ड करायचा, चौथ्यात दुसऱ्या विभागाच्या माणसाला दाखवायचा. इतिहासवाल्यांना रसायनशास्त्राचा तुकडा निदान कुठे तुटला ते सांगता आलं पाहिजे.

मराठी नोट्सचा घोळ वेगळाच. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल मुलांच्या फोनवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडते. पीडीएफ केली तर दिसते, पण त्यात मराठी शब्द शोधता येत नाही, कॉपी केला तर पुन्हा चिवडाच येतो. यापुढे युनिकोडच, जुन्या नोट्स कन्व्हर्टरमधून काढून जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, रफार हमखास हलतो.

राहिला लाइव्ह तास. तो शिकवायला वापरू नका, शंकांना ठेवा. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते, म्हणजे ४८ मिनिटांचा तास तिथे बसतच नाही. ३० मिनिटांचा लावा, प्रश्न आदल्या रात्रीपर्यंत गूगल फॉर्मवर मागवा, आणि फॉर्ममध्ये रोल नंबर सक्तीचा करा; नाहीतर एकाच वर्गातल्या तीन पूजा पाटील तुमच्या यादीत एकच होऊन बसतात.